उसनं नाक

“यातली कुठली कापू, ऑलिंदा?”

फादर इनासांनी विचारलं आणि ते बाजूला सरकले.

कोठीच्या खोलीत आढ्याला डुकराच्या दोन तंगड्या टांगलेल्या होत्या. उपवासकाळ सुरू होण्याआधी मीठ आणि काळी मिरी चोळून, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. काल ईस्टर झाला होता. आज त्यांतली एक खाली उतरायची होती.

ऑलिंदा लोपीस दारातच थांबली होती. ती काही मांस निवडायला आली नव्हती. येत्या शुक्रवारी मुंबईत तिचं स्वतःचं रेस्टॉरंट उघडणार होतं. दारावर तिचंच नाव होतं. फादरांनी येऊन नव्या चुलीला आशीर्वाद द्यावा, एवढंच मागायला ती वसईच्या या आश्रमात आली होती. त्यांनी हो म्हटलं असतं तर चहा पिऊन ती लगेच परत निघाली असती.

फादर हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते.

“आधी जेवण कर,” एवढंच म्हणाले होते. “ईस्टरच्या सोमवारचं. कुठलं ते तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. फादर तरुणपणी रोमला शिकायला होते, तेव्हा सुट्टीत ते डोंगरातल्या एका मठात जाऊन राहायचे. तिथल्या साधूंकडून ते हा पास्ता शिकले. घरी लाटलेल्या पट्ट्या, खारवलेलं डुकराचं मांस आणि वसंतात जी कोवळी भाजी हाताला लागेल ती. परत आल्यावर त्यांनी त्यात वसईच्या वाडीतली भाजी घातली, आणि दर ईस्टरच्या सोमवारी तो आश्रमात होऊ लागला.

ऑलिंदा शेजारच्याच वाडीतली. आई वारल्यावर शाळा सुटली की ती आश्रमाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. तिच्या हातात पहिली सुरी दिली ती फादरांनी. पुढं ती शिकली, परदेशात राहिली, मोठमोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तिनं चालवली. दारात उभी राहून ती झाकलेल्या पातेल्यात काय आहे ते सांगते, कांदा आजचा चिरलेला की कालचा तेही सांगते, असं लोक म्हणत. वर्तमानपत्रातही तिच्या नाकाबद्दल छापून आलं होतं. ते खोटं नव्हतं.

फादरांनी तिच्यापुढं दाभण धरलं.

दाभण कशाला, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मांसात हाडाजवळ खोल खुपसायचं, बाहेर काढायचं आणि लगेच नाकाशी न्यायचं. आतून बिघडलेलं मांस वरून ओळखू येत नाही. दाभणाला लागलेला वास सांगतो.

तिनं दोन्ही तंगड्यांची फडकी सोडली. एक गुलाबी, नितळ, तिची चरबी पांढरीशुभ्र. दुसरी काळपट, वरून राख भुरभुरावी तशी बुरशी धरलेली.

तिनं गुलाबी तंगडीत दाभण खुपसलं. काढलं. हुंगलं. पुसून मग दुसरीत खुपसलं. काढलं. हुंगलं.

जरा थांबली. जेवढं थांबलेलं शोभेल तेवढंच.

“ही,” गुलाबी तंगडीकडं बोट करून ती म्हणाली.

फादरांनी तिच्या हातून दाभण घेतलं. त्याच जागी खुपसलं आणि नाकाशी नेलं.

त्यांनी झटकन मान मागं घेतली.

ती तंगडी त्यांनी आकड्यावरून काढली, मागच्या दारी नेली आणि हाक मारली.

“बस्त्याव! कुदळ घेऊन ये.”

ब्रदर बस्त्याव आश्रमाची वाडी बघायचे. फादरांच्याच वयाचे, काटक, बेताचंच बोलणारे. तंगडी हातात घेताच त्यांनी तोंड फिरवलं. काही न विचारता चिकूच्या झाडाखाली खड्डा खणला, तंगडी पुरली, वर माती ओढली आणि पायानं दाबून घेतली.

ऑलिंदा खिडकीतून बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

फादर आत आले. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

फादरांनी पंचा खुंटीला टांगला. उन्हाचा एक पट्टा खोलीत आला होता, त्याच्याकडं ती बघत होती.

“गेल्या पावसाळ्यात ताप आला होता,” ती शेवटी म्हणाली. “ताप गेला. वास परत आलाच नाही.”

“काहीच येत नाही?”

“काहीच नाही. जिभेला खारट कळतं. आंबट, गोड, तिखट कळतं. बाकी सगळं ओला कागद चघळल्यासारखं.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“एक म्हणाला येईल. दुसरा म्हणाला सांगता येत नाही.”

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“तुम्हाला. आत्ता.”

फादरांनी मान हलवली. त्या नुसत्या मान हलवण्याचाच तिला राग आला.

“अडत नाही काही माझं,” ती म्हणाली. “डोळे आहेत, हात आहेत. घड्याळ आहे. एकेक पदार्थ मला पाठ आहे, फादर. त्या तापानंतरही मी हॉटेलात रोज रांधते आहे आणि जेवणाऱ्यांपैकी एकालाही कळलेलं नाही. मी आठवणीतून शिजवते.”

“आठवणीतून.”

“हो.”

“मग जेवायलाही आठवणीतली माणसं बोलव,” फादर म्हणाले. “त्यांना काही बाधायचं नाही.”

ऑलिंदानं कोनाड्यात ठेवलेली गाडीची किल्ली उचलली.

“म्हणजे शुक्रवारी तुम्ही येणार नाही.”

“असं कुठं म्हटलं मी? आधी जेवण कर म्हटलं.”

ती तरातरा बाहेर पडली. गाडीत बसली, दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली. आश्रमाच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथं तिचा पाय आपोआप ब्रेकवर आला.

आरशात चिकूचं झाड दिसत होतं. त्याच्या बुंध्याशी ताज्या मातीचा उंचवटा.

शुक्रवारच्या जेवणात पहिलं ताट खारवलेल्या डुकराच्या मांसाचंच होतं. ते मांस तिनं स्वतः निवडलं होतं. असंच, बोट दाखवून.

तिनं इंजिन बंद केलं. थोडा वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिली. मग उतरली आणि चालत परत आली.

फादर पाटावर बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“मैदा डब्यात आहे,” ते म्हणाले. “अंडी टोपलीत.”

तिनं केस बांधले, बाह्या दुमडल्या.

पिठाला नाक लागत नाही. मैद्याच्या ढिगात आळं करून तिनं अंडी फोडली, बोटांनी हळूहळू कालवली आणि मळायला घेतलं. तळव्याखाली गोळा आधी खरबरीत होता, मग मऊ झाला, मग कानाच्या पाळीसारखा. इथं तिला कोणाची गरज नव्हती. ओल्या फडक्याखाली गोळा ठेवताना तिच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडा रुबाब आला.

ब्रदर बस्त्याव वाडीतून भाजी घेऊन आले. पातीचा कांदा, वालाच्या कोवळ्या शेंगा, मोसमातले शेवटचे वाटाणे, आणि पानात बांधून आणलेली शेवग्याची फुलं.

“फादरांच्या शेवया आज वाटतं?” त्यांनी विचारलं.

“पास्ता,” ऑलिंदा म्हणाली.

“तेच ते.”

ते निघाले, तसं फादरांनी त्यांना थांबवलं.

“बस्त्याव, चुलीपाशी उभा राहा. हिला वास येत नाही. आज हिचं नाक तू.”

ऑलिंदानं चमकून फादरांकडं पाहिलं. इतक्या सहज, कोणाला पाणी दे म्हणावं तसं त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

“मला काय कळतंय स्वयंपाकातलं?” ब्रदर म्हणाले.

“वास येतो ना तुला?”

“तो येतो.”

“मग झालं.”

ब्रदर चुलीपाशी येऊन उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी ते पाठीशी बांधले.

ऑलिंदा त्यांच्याशी बोलली नाही. या माणसाला दुधाखेरीज काही तापवता येत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं काळपट तंगडी उतरवली, वरची बुरशी सुरीनं खरवडली आणि आजच्या वाट्याच्या मांसाचे पातळ लांबट तुकडे केले; बाकीची तंगडी वाडीतल्या घरांत वाटायची होती. आत मांस गडद तांबडं होतं. अर्धे तुकडे तिनं बिडाच्या कढईत पसरले आणि खाली मंद आच केली. चरबी सुटायला लागेल, तुकडे कडेनं पारदर्शक होतील, मग सोनेरी. तिला रंगाचा टप्पा न् टप्पा पाठ होता. ती कढईवर वाकून रंगच बघत राहिली.

“बाय,” ब्रदर म्हणाले, “करपल्यासारखं वाटतंय.”

“नाही. अजून रंगही आलेला नाही.”

“बरं.”

चरबी चुरचुरत होती. वरून तुकडे जेमतेम पिवळे झाले होते.

“करपतंय, बाय.”

“ब्रदर, मी बघते आहे ना.”

ते अर्धं पाऊल मागं सरले. ती आणखी थोडी थांबली आणि मग तिनं उलथनं घातलं.

जुन्या कढईचं बूड एका बाजूला झिजलेलं होतं. सगळी आच तिथंच साचली होती. तुकड्यांची खालची बाजू काळी ठिक्कर पडली होती. मिरीचे दाणे जळून कोळसा झाले होते.

तिनं कढई उतरवली. धूर खिडकीकडं चालला होता, आणि तिला तो फक्त दिसत होता.

ब्रदरांनी बाजूला सरकून तिला मोरीकडं वाट दिली. तेच तिला जास्त लागलं.

कढई मोरीत ठेवून ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं फादर वाटाण्याच्या शेंगांचं सुपडं हातात घेऊन आले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

“त्यांना धड बोलता तरी येतं का, फादर?” ती म्हणाली. “करपल्यासारखं म्हणे. मिरी तापली की तसाच वास येतो, जळकट. म्हणून मला वाटलं...”

फादर शेंग सोलत होते.

“माझ्याकडं एक मुलगी आहे हाताखाली. मृण्मयी. तिनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, मॅडम, हे लोणी खवट वाटतंय. मी तिला असं झापलं की त्यानंतर ती माझ्या भांड्यांजवळ येत नाही. आता तुम्ही ह्यांना माझ्या भांड्यापाशी उभं केलंत.”

“तो बोलला की तुला.”

“बोलले. दोनदा बोलले.”

“हो. पण तू विचारलं नव्हतंस.”

“विचारून काय वेगळं झालं असतं? त्यांनी तेच सांगितलं असतं.”

“तेच सांगितलं असतं,” फादर म्हणाले.

त्यांनी शेवटची शेंग सोलली, टरफलं मांडीवरून झटकली आणि आत निघून गेले.

ऑलिंदा बसून राहिली. वाडीत ब्रदर पाण्याची बारी बदलत होते. कुदळीनं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. पाणी थोडा वेळ थबकलं, आणि मग नव्या वाटेनं निघालं.

ती उठून बांधापर्यंत गेली. तोंडातून शब्द निघायला तिला फार जड गेलं. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरांत इतकी वर्षं ती फक्त सांगत आली होती.

“ब्रदर... जरा येता का? मला तुमची गरज आहे.”

ब्रदरांनी कुदळ बांधाला टेकवली, पाटात पाय धुतले आणि ते तिच्यामागून आले.

तिनं कढई घासून पुन्हा चुलीवर ठेवली, या वेळी जरा फिरवून. उरलेलं मांस पसरलं. एवढंच होतं. हेही गेलं तर जेवणात नुसती भाजी.

“करपतंय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

थोड्या वेळानं पुन्हा. “आता?”

“नाही.”

यातून काही हाती लागत नव्हतं. तिनं कढईवरची नजर काढली आणि ब्रदरांकडं वळली.

“वास कसला येतोय, ब्रदर? कशासारखा?”

ब्रदरांनी डोळे मिटले. हे काम त्यांनी एकदम मनावर घेतलं.

“ओल्या गोणपाटासारखा.”

मांसातलं पाणी सुटतं आहे. अजून वेळ आहे. तिनं आच तशीच ठेवली.

“आता?”

“गोणपाट वाळलं... आता ते... थांब हां.” ब्रदरांचं नाक किंचित वर झालं. “नारळाची करवंटी शेकत ठेवली की येतो बघ. पेट घेण्याआधी.”

ऑलिंदाचा हात थांबला.

करवंट्या. तिच्या आईच्या मागच्या अंगणातली तीन दगडांची चूल, आंघोळीचं पाणी, आणि चुलीच्या तोंडाशी तापत पडलेल्या करवंट्या. तिला वास आला नाही. पण तो कसा होता ते तिला आठवलं, अगदी कुठं उभी होती त्या जागेसकट. आणि या मांसाला नेमका तोच वास येतो, हे एवढ्या वर्षांत तिनं कधी शब्दांत धरलं नव्हतं.

“धूर नाही ना त्याला?”

“अजून नाही. आता येईल.”

तिनं तुकडे उतरवून ताटलीत काढले. चारी बाजूंनी सोनेरी होते.

मागं फादरांचं लाटणं पोळपाटावर फिरत होतं. ते पट्ट्या लाटायला बसले होते.

सुटलेल्या चरबीत तिनं पातीचा कांदा टाकला.

“काय म्हणतो?”

“उग्र. डोळ्यात जातोय.” मग बऱ्याच वेळानं, “निवळला. गोड झाला. लग्नघराच्या मागं बायका कांदा परतायला बसतात ना, तिथून चालत गेल्यावर येतो तसा.”

तिला हसू आलं. “जवळून की लांबून?”

“विहिरीपर्यंत आल्यावर येतो तेवढा.”

“म्हणजे अजून थोडं हवं.”

“हवं असेल तर मांडवापर्यंत जाऊ.”

वाल आणि वाटाणे पडले. ब्रदर म्हणाले, शेंग नुकती फोडल्यासारखा हिरवा वास आहे. तिनं झाकण ठेवलं. पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, हिरवा आहे पण आता कच्चा नाही, पहाटे पाटाला पाणी सोडल्यावर वाफ्यातून येतो तसा. तिनं लगेच झाकण काढलं.

तिला आता विचारताना अडखळायला होत नव्हतं. ब्रदर तर असे बोलत होते, की एवढं बोलणं त्यांनी कुठं साठवून ठेवलं होतं कोण जाणे. फादर पट्ट्या कापत होते आणि दोघांकडं बघतही नव्हते.

पट्ट्या उकळत्या पाण्यातून निघाल्या आणि थेट कढईत गेल्या. मागोमाग मांस, वाडगाभर ते पाणी, आणि सगळ्यात शेवटी, आचेवरून उतरवल्यावर, शेवग्याची फुलं.

तिघं ओसरीवर जेवायला बसले. फादरांनी प्रार्थना म्हटली. ऑलिंदानं वाढलं, पण स्वतः घास घेतला नाही. ती ब्रदरांच्या तोंडाकडं बघत बसली.

ब्रदर चावत होते.

“कसं झालंय?”

“छान.”

“तसं नाही. काय कमी आहे?”

“मला काय कळतंय त्यातलं, बाय...”

“मी विचारते आहे, ब्रदर. खरंच विचारते आहे.”

ब्रदरांनी फादरांकडं पाहिलं. फादर खाण्यात गुंग होते.

“लिंबू,” ब्रदर चाचरत म्हणाले. “चरबी जरा तोंडात बसते. लिंबू असतं तर...”

या पदार्थात लिंबू नसतं. तिच्या स्वयंपाकघरात कोणी या पास्त्यावर लिंबू पिळलं असतं तर तिनं त्याला ॲप्रन काढून घरी जायला सांगितलं असतं.

ती उठली, परसातून लिंबू तोडून आणलं, कापलं आणि ब्रदरांच्या ताटावर पिळलं.

त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. मग तिसऱ्या घासाला त्यांची मान ताटावर जी खाली गेली ती वर आलीच नाही.

फादरांनी आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं. तिनं त्यावरही लिंबू पिळलं.

मग ती अंगणात गेली आणि तिनं फोन लावला.

“मृण्मयी? ऑलिंदा बोलते आहे. ऐक. शुक्रवारचं मांस मागवलंय, त्याला हात लावू नका. मी उद्या सकाळी येते, तूही ये. ते तू हुंगून बघ आणि मला सांग.”

“मी, मॅडम?”

“मला वास येत नाही, मृण्मयी. तापापासून. इथून पुढं तू माझ्या शेजारी उभी राहायचंस.”

“हो, मॅडम. आणि... मॅडम, मला माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?” असं विचारायला ऑलिंदानं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

“त्या दिवशीचं लोणी,” तिनं विचारलं. “ते खरंच खवट होतं?”

“हो, मॅडम.”

“बरं. उद्या ये. आणि बाकीच्यांना मीच सांगेन, तू काही बोलू नकोस.”

ती परत ओसरीवर आली तेव्हा ब्रदर दुसऱ्यांदा वाढून घेत होते. तिचं ताट होतं तिथंच होतं, निवलेलं.

“शुक्रवारी किती वाजता निघायचं?” फादरांनी विचारलं.

तिनं हातातला फोन खाली ठेवला.

“मी गाडी पाठवते. सकाळी.”

“बस्त्यावही येईल.”

“मला कुठं त्या मुंबईत नेता?” ब्रदर म्हणाले.

“येतील,” ऑलिंदा म्हणाली. “याच, ब्रदर.”

मग ती जेवायला बसली. पट्ट्या दाताखाली मऊ लागल्या, वालाची शेंग करकरली. मांस खारट होतं, लिंबू आंबट. बस. जीभ त्याच्या पुढं जाईना. करवंटी नाही, लग्नघर नाही, पहाटेचा वाफा नाही. ते सगळं ब्रदर बस्त्यावांच्या ताटात होतं.

तिनं आणखी एक घास घेतला. हळूहळू चावला. वाट बघितली...

हातातला काटा तिनं खाली ठेवला. डोळे भरून आले होते, ते तिनं लपवले नाहीत.

“मला काहीच लागत नाही, फादर.”

फादर इनासांनी तिच्याकडं पाहिलं. मग कढई जवळ ओढली आणि डाव भरून तिच्या ताटात वाढला.

“मग आणखी घे.”